लावून ठेवलेली जोडी

यंत्राचा हात पुढे जाई, पिन सॉकेटमध्ये बसे, टक् असा आवाज होई आणि हात पिन घेऊन मागे येई. दर दोन सेकंदांनी एकदा. जोडमानक प्रयोगशाळेत हा टकटकाट सव्वादोन दिवस चालला होता आणि कोणाला त्याचा कंटाळा आला नव्हता, कारण पडद्यावरचा आकडा एक लाखाकडे निघाला होता. लाख पूर्ण झाले तेव्हा टाळ्या पडल्या. संचालक निरंजन कारखानीस यांनी पेढ्यांचा पुडा उघडला आणि पहिला पेढा डॉ. यामिनी गावंडे हिच्या हातावर ठेवला.

कनेक्टर बनवणाऱ्या माणसांचे अख्खे आयुष्य एकाच प्रश्नात जाते. हा किती वेळा काढला-घातला म्हणजे मरेल? दहा हजार वेळा टिकला तर त्याला उत्तम म्हणायचे आणि त्याच्या जन्मदात्याला बढती द्यायची. यामिनीचा ‘एकजोड’ लाख वेळा टिकला होता, आणि लाखाव्या वेळी त्याची पकड पहिल्या वेळेपेक्षा सरस निघाली होती. सरळ लावा, उलटा लावा, फोनला लावा, महासंगणकाला लावा, आकार एकच. असे काही यापूर्वी कोणी केले नव्हते, हे खरेच होते.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस त्या खोलीत होता. तंत्रज्ञ दामोदर पांचाळ स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाच्या वायरीशी खटपट करत होते. मोठ्या लाल आकड्यांचे, विजेवर चालणारे घड्याळ होते ते. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नव्या कनेक्टरची एक जोडी या वायरीत घालायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही, असा पांचाळांचा तीस वर्षांचा नेम होता. सतरा जोड्या ओळीने लटकत होत्या. तरुण मंडळी त्यांना घड्याळाचे दागिने म्हणत.

“पांचाळकाका, पेढा घ्या. लाख झाले,” यामिनी म्हणाली.

“लाख वेळा काढली, छान झालं,” अठरावी जोडी दाबून बसवत पांचाळ म्हणाले. “आता एकदा लावून ठेवा की, मॅडम.”

“किती दिवस?”

“ते तिलाच माहीत. मला एकदा नीट समजवा, ही बरी होत जाते ती कशाने?”

यामिनीला समजावून सांगायला मनापासून आवडे. ती स्टुलाशेजारी उभी राहिली.

“धातूचा पृष्ठभाग आपल्याला सपाट दिसतो, काका, पण सूक्ष्मदर्शकाखाली नुसते डोंगर आणि दऱ्या. दोन पृष्ठभाग टेकले की फक्त माथ्याला माथा लागतो. सगळी वीज त्या पाच-सहा माथ्यांतून रेटारेटी करत जाते. साध्या कनेक्टरमध्ये हे माथे झिजतात आणि जोड ढिला पडतो. आपल्या मिश्रधातूत जिथे विजेची रेटारेटी जास्त, तिथे धातूचे कण आपणहून सरकत येतात आणि माथा रुंद करतात. मी त्याला रुजस्पर्श म्हणते.”

“म्हणजे पिनचे कण सॉकेटमध्ये घुसतात?”

“दारापर्यंत जातात. मध्ये पापुद्रा असतो. धातूला हवा लागून तयार झालेला, अणूंच्या दहा-बारा थरांचा. तो त्यांना पलीकडे जाऊ देत नाही. जोडी काढली की पुन्हा हवा लागते आणि पापुद्रा नवा होतो.”

“आणि काढलीच नाही तर?”

या प्रश्नाचेही उत्तर तिच्याकडे तयार होते. कनेक्टरचे मानक ठरवणाऱ्या समितीच्या कोष्टकानुसार पंच्याऐंशी अंशांच्या भट्टीत काढलेले दहा दिवस म्हणजे घरातली सात वर्षे. या चाचणीला तप्तवार्धक्य म्हणत. एकजोडच्या दोनशे जोड्या भट्टीत दहा दिवस ठेवल्या होत्या आणि दोनशेच्या दोनशे दोन बोटांनी सुटल्या होत्या.

पांचाळ स्टुलावरून उतरले. “भट्टीत कण जोरात धावतात, कबूल. पण पापुद्राही वाढतो ना, मॅडम? आणि तो कणांपेक्षा जास्त जोरात वाढत असला तर? भट्टीत पापुद्रा जिंकला, म्हणून जोड्या सुटल्या. घरातल्या थंडाव्यात पापुद्रा वाढायचा थांबला आणि कण मात्र चालत राहिले, तर कोण जिंकेल?”

यामिनीने पेढा तसाच टेबलावर ठेवला आणि दुपारभर दार लावून गणित केले. दोन वेगांच्या दोन रेषा काढल्या. पन्नास अंशांच्या आसपास त्या एकमेकींना छेदत होत्या. त्याच्या वर पापुद्रा पुढे, त्याच्या खाली कण पुढे. साध्या खोलीत, वीज सतत चालू असेल आणि जोडी एकदाही काढली नाही, तर सहा ते आठ वर्षांत कण पापुद्रा फोडून पलीकडे जाणार होते. मग पिन कुठे संपली आणि सॉकेट कुठे सुरू झाले हे सांगता येणार नव्हते. धातूचा एकच तुकडा उरणार होता, आणि त्या तुकड्याला कनेक्टर म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

“हे गणित आहे, मोजमाप नाही,” कारखानीस कागद परत देत म्हणाले. “मोजायला सात वर्षं लागतील. नव्या मानकासाठी समितीचं मतदान एकोणीस दिवसांवर आहे. तोवर दुसऱ्या कोणाचा भिकार कनेक्टर जगाच्या गळ्यात पडेल, चालेल तुला? आणि सात वर्षं एखादी वस्तू न काढता कोण ठेवतं गं? लोक दिवसातून चार वेळा चार्जर काढतात.”

यामिनीने मान डोलावली. तिला ते पटले नव्हते. पटले असते तर बरे झाले असते. तिला एकजोड हवा होता, आपल्या हयातीत आणि आपल्या नावाने हवा होता, आणि कारखानिसांनी तिला हवे तेच वाक्य आयते दिले होते.

राहता राहिला चाचणीचा तक्ता. त्याच्या तळाशी तंत्रज्ञाची सही लागे आणि सहीच्या वर शेऱ्याचा रकाना असे. पांचाळांनी त्यात आपल्या गोलगोल अक्षरात लिहिले होते: ‘लावून ठेवून पाहिलेली नाही.’ कारखानिसांनी तो तक्ता फाडला आणि कोरा काढून दिला. पांचाळांनी पुन्हा तेच लिहिले. तिसरा तक्ता आला तेव्हा पांचाळ म्हणाले, “शेऱ्याशिवाय माझी सही मिळायची नाही, साहेब,” आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेर गेले. तंत्रज्ञाच्या जागी यामिनीने स्वतः सही केली. शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

पांचाळांची बदली भांडारात झाली. तिथे दोन महिने खिळे-स्क्रू मोजून त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोप समारंभात रिवाजाप्रमाणे त्यांना भिंतीवरचे नवे घड्याळ देण्यात आले. त्यांनी ते उघडूनही पाहिले नाही. “हे इथे लावा, मला जुनं न्यायचंय,” ते म्हणाले, आणि अठरा जोड्यांच्या दागिन्यांसकट जुने घड्याळ पिशवीत घालून घेऊन गेले. मागे थोडा हशा पिकला. यामिनी हसली नाही, पण कोणाला गप्पही बसवले नाही.

एकजोड मतदानात निवडून आला. दोन वर्षांत बाकी सगळ्या आकारांवर कायद्याने बंदी आली. घरोघरी एक खण असतो, कसल्या कसल्या वायरी गुंतून पडलेला. तो खण रिकामा झाला. आंधळ्या माणसांनी यामिनीला आभाराची पत्रे पाठवली, कारण आता चाचपडावे लागत नव्हते. ती गावोगाव भाषणे देत हिंडली आणि प्रत्येक भाषणात म्हणाली, भट्टीतल्या चाचणीत सात वर्षे सिद्ध झालेला जोड. शंभर वेळा म्हटल्यावर तिचाही त्यावर विश्वास बसला. असा विश्वास बसायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

मतदानाला वर्ष होते न होते तोच तिचा नवरा दिवाकर वर्गात भूगोल शिकवता शिकवता कोसळला. हृदयाचा स्नायू निकामी झाला होता. शल्यविशारद डॉ. नसीम तांबोळी यांनी त्याच्या छातीत हृदयपंप बसवला. पंपाची केबल पोटातून बाहेर येई आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या नियंत्रकाला जोडली जाई. बॅटऱ्या रोज बदलायच्या, त्यांची जोडणी वेगळी होती. केबल आणि नियंत्रक यांच्यामधली जोडी मात्र एकजोडची.

“ही काढायची नाही. कधीही नाही,” डॉ. तांबोळींनी बजावले. “पंप थांबला तर यांचं स्वतःचं हृदय चार मिनिटं ओढेल, फार तर. नियंत्रकाचं आयुष्य आठ वर्षं. थोडं आधीच आम्ही तो बदलून टाकू, दहा सेकंदांचं काम आहे. आणि जोडीची काळजी मी तुम्हाला काय सांगू? तुमचंच अपत्य आहे ते.”

शेवटची ती पिन यामिनीने हट्टाने स्वतःच्या हाताने बसवली. टक् आवाज आला आणि तिला भरून आले. त्या दुपारच्या दोन रेषा तिला आठवल्या नाहीत असे नाही. आठवल्या, आणि तिने त्या मनाआड केल्या. आठ वर्षे त्या वेळी फार लांब वाटत होती.

ती वर्षे चांगली गेली, हे सांगितलेच पाहिजे. पंप रक्त सतत ढकलत असल्यामुळे दिवाकरला नाडी लागत नसे. तो पाहुण्यांपुढे मनगट धरी आणि विचारी, “बघा बरं, आहे का मी?” तो पुन्हा शाळेत जाऊ लागला, मुलांना घेऊन टेकड्या चढू लागला. अधूनमधून कुठली तरी केबल जाम झाल्याच्या तक्रारी येत. दुकानदार ती कापून टाकत आणि नवी देत. समितीच्या दप्तरी त्यांची नोंद ‘ग्राहकाची हयगय’ अशी होई.

साडेसात वर्षांनी नियंत्रक बदलायचा दिवस आला. रुग्णालयातल्या तंत्रज्ञाने जोडी ओढली. ती निघाली नाही. त्याने हातमोजे काढून ओढली. दिवाकर म्हणाला, “जपून रे बाबा, पलीकडच्या टोकाला मी आहे.” दुसरा तंत्रज्ञ आला. मग डॉ. तांबोळी आल्या आणि त्यांनी यामिनीकडे पाहिले. यामिनी भिंतीला टेकून उभी होती. तिला काही विचारायची गरज नव्हती.

बाहेरच्या खोलीत तिने डॉक्टरांना सगळे सांगितले, कण, पापुद्रा, भट्टी, सगळे. सही कोणाची तेही सांगितले.

“तापवून सुटेल?” डॉ. तांबोळींनी विचारले.

“नाही. भट्टीत पापुद्रा होता म्हणून सुटल्या. आता मध्ये पापुद्राच नाही. सुटायला दोन वस्तू लागतात, डॉक्टर. तिथे एकच आहे.”

“नवा पंप बसवायचा तर यांची फुप्फुसं पुन्हा टेबलावर टिकणार नाहीत. केबल कापून नवा जोड लावायचा तर सहा तारा आहेत, केसाएवढ्या. आमच्या माणसाला वीस मिनिटं लागतील. आपल्याकडे चार आहेत. नियंत्रक आहे तोवर आहे. दोन महिने, पाच महिने, मी सांगू शकत नाही.”

यामिनीने त्याच दिवशी समितीला पत्र लिहिले: जगातल्या सगळ्या पंपांच्या जोड्या ताबडतोब तपासा. कारखानीस आता समितीचे अध्यक्ष होते. त्यांचे उत्तर सभ्य होते. आपल्या दुःखात सहभागी आहोत. परंतु तप्तवार्धक्य चाचणीत दोनशेपैकी दोनशे जोड्या सुटल्या असून लावून ठेवण्याची कोणतीही चाचणी दप्तरी नाही. सबब एका घटनेवरून मानक बदलता येत नाही. सोबत तक्त्याची प्रत होती. तळाशी तिची सही होती आणि वर कोरा रकाना.

तेव्हा तिला घड्याळ आठवले.

पांचाळांचे घर गावाच्या टोकाला होते. पत्नी सुगंधाबाईंनी दार उघडले. आत खाटेवर बसलेले पांचाळ उठले नाहीत, पण “या मॅडम” म्हणाले. भिंतीवर लाल आकडे चालू होते. खाली अठरा जोड्या लटकत होत्या. पांचाळांनी विचारण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी एकेक जोडी सोडवायला सुरुवात केली. सतरा सुटल्या, काही गंजलेल्या, काही खिळखिळ्या, पण सुटल्या. अठरावी त्यांनी यामिनीच्या हातात दिली. तिने जीव खाऊन ओढली. बोटांना वळ उठले.

“तुम्ही मला कळवलं का नाही, काका?”

“शेऱ्यात लिहिलं होतं. मग दोन पत्रं टाकली, एक सहा वर्षांपूर्वी आणि एक गेल्या साली. दोन्हीला उत्तर आलं.” त्यांनी खणातून कागद काढले. समितीचे छापील उत्तर होते, भट्टीच्या आकड्यांसह. खाली एकजोडची निर्माती म्हणून यामिनीची छापील सही होती. असली उत्तरे कचेरीतून परस्पर जात आणि तिने ती कधी वाचलीही नव्हती.

मग पांचाळांनी सदरा वर केला. कमरेला पट्टा होता, पट्ट्यावर नियंत्रक, आणि पोटातून आलेली केबल.

“सहा वर्षं झाली मला,” ते म्हणाले.

“म्हणजे तुमचंही...” यामिनीने पट्ट्यावरच्या जोडीकडे बोट दाखवले.

“माझं निघतं की.” पांचाळ शांतपणे म्हणाले. “दर महिन्याच्या एक तारखेला जेवणाआधी मी भिंतीला टेकून बसतो. सुगंधा ही जोडी काढते, हवा लागू देते आणि दहा आकडे मोजून परत लावते. आठाच्या पुढे डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरना सांगितलेलं नाही, त्या ओरडतील. पण तुमचंच शास्त्र आहे हे, मॅडम. काढली की पापुद्रा नवा होतो. तुम्हीच सांगितलंत, मी फक्त ऐकलं.”

सुगंधाबाई पदराने हात पुसत म्हणाल्या, “पहिल्या वेळेला माझ्या हातातून पिनच पडली, बाई. आता सवय झाली.”

“आणि तुमच्या मिस्टरांचं?” पांचाळांनी विचारले. यामिनी रडू लागली तेव्हा त्यांना समजले. त्यांनी एवढेच विचारले, “केबल कापून जोडायला किती मिनिटं मिळतील?”

“चार.”

“मला नऊ लागतील. थोडा सराव करतो.”

पंचवीस दिवस पांचाळ तशाच केबलचे तुकडे कापत होते आणि तारांना कथलाचा डाग देऊन जोडत होते. सदुसष्ट वर्षांचा हात. नऊचे सात झाले, सातचे सहा. यामिनी शेजारी बसून वेळ मोजत असे. पाच मिनिटे चाळीस सेकंदांच्या खाली ते काही उतरेनात. सव्विसाव्या दिवशी सकाळी नियंत्रक बंद पडण्याचा इशारा देत ओरडू लागला.

दिवाकरला सगळे माहीत होते. आत नेताना त्याने यामिनीचा हात धरला. “पक्की बसवली होतीस गं,” तो म्हणाला. तो नेहमीसारखा थट्टाच करत होता, आणि यामिनीला ती थट्टा जन्मभर पुरणार होती.

केबल कापायला पक्कडीला एक सेकंदही लागला नाही. डॉ. तांबोळी दोन्ही हातांनी छाती दाबत राहिल्या आणि पांचाळ डाग देत राहिले, मान वर न करता. पाच मिनिटे एकवीस सेकंद. इतक्या लवकर त्यांनी एकदाही जोडले नव्हते. पंप सुरू झाला. दिवाकर सुरू झाला नाही.

तेरावा झाल्यावर यामिनी प्रयोगशाळेत गेली आणि चाचणीचा एक कोरा तक्ता मागून घेतला. तिच्या पिशवीत कापलेल्या केबलच्या टोकाला तो नियंत्रक होता, आणि मध्ये न सुटलेली जोडी. तिने रकाने भरले. तापमान: शरीरालगतचे, सुमारे बत्तीस अंश. प्रवाह: अखंड. कालावधी: सात वर्षे, सात महिने, पाच दिवस. किती वेळा काढली: शून्य. निष्कर्ष: निघत नाही. जी चाचणी करायला वेळ नव्हता ती पूर्ण झाली होती, आणि आता ती दप्तरी नाही असे कारखानिसांना म्हणता येणार नव्हते. तंत्रज्ञाच्या सहीची जागा तिने या वेळी रिकामी ठेवली आणि तक्ता घेऊन ती पांचाळांकडे गेली.

पांचाळांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. ‘नमुना’ या रकान्यापाशी ते थांबले. तिथे क्रमांक घालायची रीत असे. यामिनीने नाव लिहिले होते: दिवाकर गावंडे.

शेऱ्याच्या रकान्यात पांचाळांनी लिहिले, ‘लावून ठेवून पाहिली.’ मग त्यांनी खाली सही केली. त्या दिवशी एक तारीख होती, आणि सुगंधाबाई आतून त्यांना भिंतीला टेकून बसायला सांगत होत्या.